रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या लोखंडेंची पाचवी मागणी कुणी फॉरवर्ड का करत नाही?

दरवर्षी 10 जून आला की तुमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज येतोच. पगडी घातलेल्या एका माणसाचा ब्लॅक अँड व्हाईट फोटो आणि खाली मजकूर, की तुम्ही आज जो रविवार एन्जॉय करता तो या मराठी माणसामुळं. नाव असतं नारायण मेघाजी लोखंडे. आपण हात जोडल्याचा इमोजी टाकतो आणि पुढं जातो.

मेसेज चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. एक तर सरकारी कचेऱ्या रविवारी आधीपासूनच बंद असायच्या. 10 जून 1890 ला सुट्टी मिळाली ती मुंबईच्या गिरणी कामगारांना, आणि ती मान्य केली गिरणी मालकांच्या संघटनेनं. दुसरं म्हणजे लोखंडेंनी फक्त सुट्टी मागितली नव्हती. 1884 सालीच त्यांनी पाच मागण्यांचा एक कागद सरकारपुढं ठेवला होता. रविवारची सुट्टी ही त्यातली पहिली मागणी. पाचवी मागणी अशी होती, की गिरणीत काम करताना कामगार जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

सुट्टीची मागणी सहा वर्षांत पूर्ण झाली. पाचवीला किती वर्षं लागली, आणि ती पूर्ण झाली का, हे बघायचं तर आधी हा माणूस कोण होता ते बघावं लागेल.

लोखंडेंचा जन्म 1848 चा, ठाण्याचा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं, फुलमाळी समाजातलं. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळं शिकले आणि लगेच नोकरीला लागले. आधी रेल्वे, मग पोस्ट. पुढं मुंबईत एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले.

ही स्टोअरकीपरची नोकरी महत्त्वाची आहे असं मला वाटतं. लोखंडे साच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते आणि मालकही नव्हते. गिरणीत स्टोअर म्हणजे पट्टे, तेल, सुटे भाग ठेवायची जागा. यंत्राचं काही तुटलं की ते बदलून द्यायला इथून सामान जायचं आणि त्याची वहीत नोंद व्हायची. माणसाचं काही तुटलं तर त्याची नोंद कुठं व्हायची, हा प्रश्न तिथं बसलेल्या माणसाला पडला असेल तर नवल नाही.

तेव्हाच्या गिरणीत काम कसं चालायचं हे थोडं समजून घेऊ.

मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली ती ताडदेवला, 1850 च्या दशकात, कावसजी दावर यांच्या पुढाकारानं. पुढच्या तीसेक वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी भागात चिमण्याच चिमण्या झाल्या. एका बाजूला वाफेचं मोठं इंजिन. ते छताजवळून गेलेले लांबच लांब लोखंडी दांडे फिरवायचं, आणि दांड्यावरून खाली आलेले चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्र चालवायचे. आजच्यासारखं प्रत्येक मशीनला वेगळं बटण नव्हतं. कुणाचं धोतर किंवा लुगड्याचा पदर पट्ट्यात गेला, तर तेवढंच यंत्र क्षणात थांबवणं सोपं नव्हतं. विणकाम खात्यात धोटा उडून लागायचा. कापूस पिंजायच्या खात्यात हवेत कापसाची धूळ. दोन यंत्रांमधली जागा जेमतेम माणूस जाईल एवढी.

कामाचे तास म्हणाल तर उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. विजेचे दिवे अजून आले नव्हते, म्हणून सूर्य हेच घड्याळ. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर कामही मोठं. आठवड्याची सुट्टी नाही, सणावाराला मिळेल तेवढीच. ती मिळाली तरी त्यात अर्धा दिवस यंत्रं साफ करायला बोलवायचे. बायका आणि लहान मुलंही याच जागेत. दमलेला माणूस संध्याकाळी यंत्रावर उभा असेल तर हात कुठं जाईल याचा भरवसा नाही. त्यामुळं सुट्टी, दुपारची विश्रांती आणि अपघात हे तीन वेगळे विषय नाहीत. लोखंडेंच्या कागदावर ते एकत्र आले यात मला काही योगायोग दिसत नाही.

आणि हात गेला तर? कामावर आला नाही म्हणून खाडा. खाडा म्हणून पगार नाही. मागच्या महिन्याचा पगार तर आधीच थकलेला, कारण पगार उशिरा देणं हीच पद्धत होती. शेवटी माणूस कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावी परत जायचा आणि त्याच्या जागी मुकादम दुसरा माणूस उभा करायचा. गाव हाच त्याचा विमा होता, म्हणजे गावात थोडीफार शेती असेल तर.

कायदा नव्हता का? होता. 1881 मध्ये भारतातला पहिला कारखाने कायदा आला. तो आणण्यासाठी मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी समाजसेवकानं बरीच खटपट केली होती. पण कायद्यात होतं काय? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. हो, सात वर्षांच्या मुलाचे नऊ तास ही तेव्हाची सुधारणा होती. धोकादायक यंत्राभोवती कुंपण घालायचं आणि अपघात झाला तर सरकारला कळवायचं. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल एक अक्षर नाही. शिवाय कायदा फक्त 100 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू.

म्हणजे यंत्राला कुंपण मिळालं आणि सरकारला अपघाताचा कागद मिळाला. ज्याला अपघात झाला त्याला मात्र काहीच नाही.

याच सुमारास लोखंडेंनी नोकरी सोडून पूर्णवेळ दुसरं काम हाती घेतलं होतं. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये पुण्यात ‘दीनबंधू’ नावाचं पत्र सुरू केलं होतं, ते पैशाअभावी अडचणीत आलं. 1880 मध्ये लोखंडेंनी ते मुंबईला आणलं आणि स्वतः चालवायला घेतलं. शेतकरी आणि कामगारांबद्दल सातत्यानं लिहिणारं दुसरं पत्र तेव्हा मराठीत शोधून सापडलं नसतं.

लोखंडे एकदम आगीसारखे होते असं जे चित्र रंगवलं जातं, ते मला पटत नाही. ते बरेच सावध होते. फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ ‘दीनबंधू’त क्रमशः यायला लागला, पण दोन प्रकरणांनंतर लोखंडेंनी छापणं थांबवलं. सरकारचा रोष नको असं त्यांना वाटलं असावं. फुले त्यावरून चांगलेच चिडले होते. पण हीच सावध वृत्ती पुढं कामगारांच्या कामी आली. त्यांनी दगडफेक केली नाही, संपाची हाक दिली नाही. त्यांनी सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या आणि नेमकं काय हवंय ते मुद्देसूद लिहून काढलं.

1884 मध्ये मुंबई सरकारनं कारखाने कायद्यात काय बदल हवेत हे बघायला एक आयोग नेमला. आयोग मालकांना विचारणार, डॉक्टरांना विचारणार, अधिकाऱ्यांना विचारणार. कामगारांच्या वतीनं कोण बोलणार? लोखंडेंनी सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा बोलावली. हजारो लोक जमले. देशात कामगारांनी स्वतःच्या मागण्यांसाठी भरवलेल्या पहिल्या मोठ्या सभांमध्ये ही सभा धरली जाते. तिथं पाच मागण्या ठरल्या. त्यावर सुमारे 5,500 कामगारांनी सह्या केल्या, त्यात कित्येकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तो कागद आयोगाकडं गेला.

एक, दर रविवारी सुट्टी. दोन, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. तीन, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. चार, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत हातात पडावा. आणि पाच, ती जखमी कामगारांची.

हे वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. पगारवाढ कुठंच नाही. मागणी आहे ती वेळेची, वेळेवर पैशांची आणि शरीराची.

पाचव्या मागणीचं मोल कळायला जगात तेव्हा काय चाललं होतं ते बघायला हवं. कामगाराला अपघात झाला तर चूक कुणाची हे न विचारता भरपाई द्यायची, हा विचार तेव्हा अगदी कोवळा होता. जर्मनीत बिस्मार्कनं अपघात विम्याचा कायदा केला तो जुलै 1884 मध्ये, म्हणजे सुपारीबागेच्या सभेच्या दोन महिने आधी. खुद्द ब्रिटनमध्ये असा कायदा यायला 1897 साल उजाडलं. 1884 मध्ये इंग्रज कामगाराला मालकाची किंवा मुकादमाची चूक झाली हे आधी सिद्ध करावं लागायचं. आणि परळच्या मैदानात जमलेले लोक म्हणत होते की माणूस कामावर असताना जखमी झाला, एवढं पुरेसं आहे.

विरोध फक्त मालकांचाच होता असं नाही. तेव्हाचे बरेच राष्ट्रवादी पुढारी आणि ‘केसरी’, ‘मराठा’सारखी पत्रं कारखाने कायद्याच्या विरोधात होती. त्यांचा मुद्दा असा, की हे कायदे हवेत ते लँकेशायरच्या गिरणी मालकांना. मुंबईचं स्वस्त कापड त्यांना नको आहे, म्हणून कामगारांचा कळवळा दाखवून देशी उद्योगाचे पाय ओढायचे. यात तथ्य होतं. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांचा दबाव खराच होता. पण तो दबाव खरा असल्यानं इथल्या कामगाराचा तुटलेला हात खोटा ठरत नव्हता. ‘दीनबंधू’ ही बाजू लावून धरत राहिला. यासाठी लोखंडेंना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल याचा अंदाज आज ट्विटरवर असणाऱ्या कुणालाही येईल.

आयोगाचा अहवाल आला, पण कायदा हलला नाही. पाच वर्षं तशीच गेली. 1889 मध्ये पुन्हा निवेदन गेलं. मग 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर प्रचंड सभा झाली. सुमारे 10,000 कामगार आले, आणि व्यासपीठावरून दोन कामगार स्त्रिया बोलल्या. 1890 मध्ये, जाहीर सभेत, कामगार स्त्रिया! त्याच सुमाराला लोखंडे मुंबईच्या न्हाव्यांना एकत्र आणत होते. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, अशी भूमिका त्या न्हाव्यांनी घेतली. त्यावर वेगळा लेख होईल, इथं एवढंच.

दीड महिन्यानं, 10 जूनला गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. 1890 च्या नव्या कारखाना आयोगाच्या कामात लोखंडेंनाही सहभागी करून घेतलं गेलं. सहा वर्षांपूर्वी बाहेरून अर्ज करणारा माणूस आता आयोगाबरोबर बसून कामगारांची बाजू मांडत होता. 1891 मध्ये सुधारित कायदा आला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, बायकांना अकरा तासांची मर्यादा, नऊ वर्षांखालच्या मुलांना कामबंदी, आणि 50 कामगारांच्या कारखान्यालाही कायदा लागू.

पाचातल्या पहिल्या दोन मागण्या पदरात पडल्या. पाचवीचा कुठं पत्ता नाही.

असं का झालं असेल? माझं मत सांगते. सगळ्या गिरण्या एकाच दिवशी बंद राहिल्या तर कुणा एका मालकाचा तोटा होत नाही. यंत्रांना विश्रांती मिळते, साफसफाई होते. सुट्टी देणं परवडणारं होतं. भरपाईचं तसं नाही. ती एकदा मान्य केली की प्रत्येक अपघात मालकाच्या हिशेबवहीत खर्च म्हणून दिसायला लागतो, आणि अपघात हा कामगाराच्या नशिबाचा किंवा निष्काळजीपणाचा भाग आहे हे म्हणणं बंद करावं लागतं.

दुसरं कारण लोखंडेंच्या बाजूला होतं. त्यांची बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही भारतातली पहिली कामगार संघटना म्हणून ओळखली जाते. तिची स्थापना 1884 ची की 1890 ची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण आज आपण जिला युनियन म्हणतो तशी ती नव्हती. सभासदांची यादी नाही, वर्गणी नाही, निधी नाही, लिखित नियम नाहीत. लोखंडे अध्यक्ष, आणि कामगार त्यांच्या शब्दाला मान देऊन येणारे. अशा संघटनेला सभा भरवता येते. पण जखमी माणसाचा खटला वर्षभर चालवायचा किंवा त्याच्या घरी महिना पैसे पोचवायचे, तर हाताशी निधी लागतो. तो नव्हता.

1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली तेव्हा लोखंडे सलोख्यासाठी धावपळ करत होते. सरकारनं त्यांना रावबहादूर किताब दिला. 1896 च्या पावसाळ्यानंतर मांडवीत प्लेग दिसला आणि बघता बघता शहरभर पसरला. गिरणी कामगार हजारोंनी मुंबई सोडून गावाकडं निघाले. लोखंडे मागं राहिले. रुग्णांसाठी मराठा हॉस्पिटल उभं करण्यात पुढं होते, आजारी लोकांमध्ये वावरत होते. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि 9 फेब्रुवारी 1897 ला ते गेले. वय अवघं 48-49. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या संसदेनं कामगार भरपाईचा कायदा मंजूर केला.

लोखंडे गेल्यावर संघटनाही विरली. 1909 मध्ये सीताराम केशव बोले यांनी कामगार हितवर्धक सभा काढली. 1920 मध्ये मुंबईत आयटकची स्थापना झाली, लाला लजपतराय अध्यक्ष. त्यामागचं बरंचसं काम ना. म. जोशींचं. हे जोशी केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमले गेले होते. आता वर्गणी, सभासद, संप सगळं होतं, आणि नुकतीच आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाल्यानं सरकारवर बाहेरून दबावही होता. मार्च 1923 मध्ये वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट मंजूर झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. सुपारीबागेतल्या सभेला तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती. त्या सभेत सही करणारे कितीजण तोवर हयात असतील कुणास ठाऊक.

या कायद्यानं पहिल्यांदा सांगितलं, की काम करताना आणि कामामुळं इजा झाली तर मालकानं पैसे द्यायचे, चूक कुणाची हा प्रश्न सहसा नाही. कुठला अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के गेली, याचा तक्ताच कायद्याला जोडलेला असतो. आजच्या तक्त्यात अंगठा म्हणजे 30 टक्के, एका हाताची चार बोटं म्हणजे 50 टक्के. वाचताना अंगावर काटा येतो, पण हा तक्ता नव्हता तेव्हा अंगठ्याची किंमत शून्य होती.

मग लोखंडेंची पाचवी मागणी पूर्ण झाली म्हणायची का? हिशेब करून बघू. त्यांनी मागितलं होतं, बरा होईपर्यंत पूर्ण पगार. या कायद्यात, तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या 25 टक्के मिळतात. म्हणजे ज्याचा पगार 12,000 रुपये आहे, त्याला प्लास्टरमध्ये असताना महिन्याला 6,000, आणि तेही जास्तीत जास्त पाच वर्षं. ज्यांना ईएसआय लागू आहे त्यांचं बरं, त्यांना पगाराच्या 90 टक्के, म्हणजे 10,800 मिळतात. पण ईएसआय साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, आणि महिना 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांना. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, जुना भरपाई कायदा तिच्यात सामावला गेला, पण 25 टक्क्यांचा आकडा तोच राहिला.

2005 मध्ये लोखंडेंच्या नावानं पोस्टाचं तिकीट निघालं. एकेकाळी पोस्टात नोकरी केलेल्या माणसाचं तिकीट, एवढं वाचून बरं वाटतं.

आणि जाता जाता, तुमच्या ओळखीत कुणाला कामावर इजा झाली असेल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. कामगार कंत्राटदाराचा असला तरी भरपाई ज्याच्यासाठी काम चालू होतं त्या मूळ मालकाकडून मागता येते, आम्ही याला ओळखत नाही म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. आणि दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची असते.